साहेबांना म्हणायचं होतं ते

कर्जतच्या बाजारपेठेत, फरसाणाच्या दुकानाच्या वर, 'संजना टायपिंग इन्स्टिट्यूट' आहे. पाटीवरचा टायपिंग हा शब्द अलीकडे आक्रसला आहे, कारण त्याच पाटीवर आधार दुरुस्ती, पॅनकार्ड, सातबारा, लॅमिनेशन, रेल्वे तिकीट आणि पासपोर्ट साइझ फोटो यांनाही राहायला जागा द्यावी लागली. अगदी खाली, गंज चढलेल्या कडेला, 'लघुलेखन' असं लिहिलेलं आहे. ते वाचायचं तर रस्त्यापलीकडे मेडिकलच्या पायरीवर उभं राहावं लागतं, आणि त्या पायरीवर उभ्या राहिलेल्या माणसाला सहसा दुसरी काळजी असते.

तरीही सहा मुली येत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. त्यांना शिकवायला दहिवलीहून पुलावरून चालत खोतसर येत. सुलेमान खोत, वय वर्षं अडुसष्ट, रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात तेहेतीस वर्षं स्टेनो. कारखान्याची यंत्रं तीन वेळा बदलली, मालक दोनदा बदलले, मॅनेजर किती बदलले ते कारखान्यालाही आठवत नसेल. खोतसर आणि त्यांच्या केबिनबाहेरचा पाण्याचा माठ तेवढे शेवटपर्यंत टिकले.

पहिल्या तासाला ते कधीच रेघ काढू देत नसत. आधी हत्यारं. पेन्सिल मऊ हवी आणि ब्लेडने तासलेली हवी. दोन्ही टोकांनी तासायची, आणि अशा दोन ठेवायच्या. "साहेब बोलायचे थांबत नाहीत. पेन्सिल मोडली असं त्यांना सांगता येत नाही," ते म्हणत. वही वरून उलटणारी, लिहून झालेली पानं रबर बँडखाली दाबलेली, आणि उजवा हात शेवटच्या ओळीवर पोचायच्या आत डाव्या अंगठ्याने पानाचा कोपरा वर सरकवून ठेवलेला. मग इतिहास. कुणा इंग्रज मास्तराला पावणेदोनशे वर्षांपूर्वी असं वाटलं, की माणूस अक्षरं बोलत नाही, आवाज बोलतो, तेव्हा आवाजालाच रेघ द्यावी. हलका आवाज बारीक रेघ, जड आवाज ठळक रेघ. ओळीच्या वर, ओळीवर, ओळीतून. पुढे ती विद्या मराठीत आली आणि इथल्या आवाजांना रेघा मिळाल्या. "इतिहास एवढाच," सर म्हणत. "बाकीचा इतिहास म्हणजे लोक बोलत राहिले."

त्यांचं स्वतःचं बोट मात्र कधी थांबलं नाही. शुक्रवारी मशिदीत, लग्नात, ग्रामपंचायतीच्या भोंग्यासमोर, कुणीही बोलायला लागलं की उजव्या हाताची तर्जनी मांडीवर चालू व्हायची. सगळ्या जुन्या स्टेनोंचं असंच होतं. घरी त्यांच्या बायकोला, झोहराला, हे ठाऊक होतं. ती त्यांच्यावर चिडली की आधी त्यांच्या मांडीकडे बघायची.

"लिवताय ना? लिवा. मागल्या टायमाला बोलले ते पन काढा वर, आनि ताडून बघा. तेच हाय."

खरं तर तेच नसायचं. खोतसर तिचं बोलणं लिहिता लिहिता थोडं नीटनेटकं करून घेत. पण हे तिला सांगायची वेळ कधी आली नव्हती.

मार्चमध्ये इन्स्टिट्यूटची सरकारी तपासणी झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी चहा घेतला, फरसाण घेतलं आणि लघुलेखनाचे मान्यताप्राप्त प्रशिक्षक कोण, असं विचारलं. कागदावर होते इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या संजनाताईंचे वडील. ते वारून सहा वर्षं झाली होती.

"ते कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

संजनाताईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे हार घातलेला फोटो होता. साहेबांनीही तिकडे पाहिलं, फरसाणाची पुडी बाजूला ठेवली आणि शेरा लिहिला: ऑगस्टअखेरपर्यंत हयात प्रशिक्षकाचे मिनिटास शंभर शब्द गतीचे प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा लघुलेखन विभाग बंद समजण्यात येईल.

खोतसर हयात होते. प्रमाणपत्र मात्र नव्हतं. ते दोन हजार पाचच्या पुरात पातळगंगेने, कारखान्याच्या ऑफिसातल्या लोखंडी ट्रंकेसकट नेलं होतं. दुसरी प्रत मिळावी म्हणून सरांनी पूर्वीच अर्ज केलेला होता. अकरा महिन्यांनी उत्तर आलं होतं, की त्या सालचं दप्तर उपलब्ध नाही. त्या पत्रात एक वाक्य अर्धवट सुटलेलं होतं. सरांनी ते पेन्सिलीने पूर्ण करून पत्र फायलीला लावलं होतं.

"सर, परत परीक्षाच देऊन टाका ना," संजनाताई म्हणाल्या. "तुम्हाला काय हो ते? शंभर म्हणजे तुम्ही झोपेत लिहाल."

"एकशे चाळीस लिहायचो मी."

"मग? आणि नाही दिली तर हा कोपरा मला झेरॉक्सला घ्यावा लागेल. मला वाईट वाटतं, पण मशीन गॅलरीत किती दिवस ठेवू?"

खोतसरांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तीन बाकं, एक खुर्ची, एक स्टॉपवॉच. हा वर्ग गेला तर सोमवार आणि मंगळवार यांच्यात फरक काय उरतो, हे त्यांना सांगता आलं नसतं. निवृत्तीनंतरची आठ वर्षं त्यांनी शोधून पाहिलं होतं: दुसऱ्याने बोलावं आणि आपण नुसतं लिहावं, असं ठिकाण जगात फार राहिलेलं नाही. संजनाताईंच्या फोनला तोंड लावून बोललं की तो स्वतःच लिहितो. चुकीचं लिहितो, पण दमत नाही.

"भरा फॉर्म," ते म्हणाले.

फॉर्म संगणकावर होता. नाव, जन्मतारीख. जन्मतारीख टाकल्यावर संगणकाने 'खात्री आहे का?' असं विचारलं. मग रकाना आला: प्रशिक्षकाचे नाव.

"काय टाकू?"

"माझंच टाका."

"सर, तुमचं चाललं असतं तर हा फॉर्म भरला असता का आपण?"

शेवटी संजनाताईंनी तिथे एक आडवी रेघ मारली. बारीक रेघ, सरांच्या मनात आलं. ओळीवर.

त्याच फेरीत, शंभर शब्दांनाच, त्यांची विद्यार्थिनी अक्षदा ठोंबरेही बसणार होती. अक्षदा खालापूरकडच्या एका गावची, चोवीस वर्षांची. घरची भातशेती, बाप मोहोपाड्याला कामावर. साठ आणि ऐंशी शब्दांच्या परीक्षा तिने सरांकडेच काढल्या होत्या, आणि कोर्टात लघुलेखकाची जागा निघेल त्या दिवशी ती अर्ज घेऊन दारात उभी असणार, याबद्दल वर्गात कुणाला शंका नव्हती. ती सरांसारखं सुंदर लिहीत नसे. तिच्या रेघा पावसात भिजलेल्या काटक्यांसारख्या दिसत. पण बोललेला एक शब्द तिच्या हातून सांडत नसे.

"सर, तुमी माझ्या बाकावर नका बसू हां," ती म्हणाली. "मी तुमच्यातलं बघून लिवलं असं बोलतील."

"माझ्यातलं तुला वाचता येईल का?"

"नाय. पन लोकांना काय म्हाईत."

परीक्षेच्या सकाळी झोहराने विचारलं, "डबा देऊ का भरून? पानी? रुमाल हाय ना? पेशाबला जाऊन घ्या आधी."

"झोहरा, मी परीक्षेला चाललोय."

"म्हनून तर बोलते."

केंद्र रसायनीजवळ, मोहोपाड्याच्या एका शाळेत होतं. तेहेतीस वर्षं ज्या रस्त्याने ते कारखान्याच्या बसने गेले, त्याच रस्त्याने एसटीने गेले. नाक्यावर उतरल्यावर नाकाला तोच जुना आंबूस वास आला आणि खांदे आपोआप थोडे वाकले, केबिनमध्ये शिरताना वाकत तसे. फाटकावरच्या शिपायाने त्यांना हात केला. "पालकांनी बाहेर थांबायचं, काका. पोरगी सुटली की येईल."

"मी उमेदवार आहे."

शिपायाने हॉलतिकिटावरचा फोटो पाहिला, मग त्यांना पाहिलं, मग परत फोटो पाहिला. दोन्हीकडे तोच माणूस निघाल्यावर त्याचा नाइलाज झाला. "जा मग," तो म्हणाला, आणि मागून, जरा हळू आवाजात, "नोकरी लागंल का पन आता?"

वर्गात मजकूर वाचायला एक तरुण मास्तर होते. त्यांनी घड्याळ लावलं आणि सुरुवात केली. शंभराची गती. खोतसरांची पेन्सिल चालू लागली आणि पहिल्या मिनिटातच त्यांच्या लक्षात आलं, की हात अजून आहे. कंप नाही. बारीक ते बारीक, ठळक ते ठळक. दोन शब्दांच्या मधे त्यांना इतका वेळ मिळत होता की त्यांनी खिडकीबाहेरचं गुलमोहराचं झाड पाहिलं, समोरच्या मुलीच्या वेणीचा सुटलेला रबर पाहिला, आणि मजकूर किती वाईट लिहिला आहे, हेही पाहिलं. मजकूर झाडं लावण्याबद्दल होता. तो लिहिणाऱ्याने आयुष्यात एकही झाड लावलं नसावं, आणि वाक्य तर नक्कीच लावलं नव्हतं.

मग लिहिलेलं साध्या मराठीत उतरवून काढायला वेळ होता. ते खोतसरांनी वळणदार अक्षरात, वीस मिनिटं हातची राखून काढलं. शेवटी उत्तरपत्रिका वाचून पाहिली आणि त्यांना बरं वाटलं. छान झाला होता मजकूर. कुणाही साहेबाने डोळे मिटून सही केली असती.

परतीच्या एसटीत अक्षदा शेजारी बसली. चौक गावाच्या पुढे गेल्यावर तिने पिशवीतून भडंगाचं पाकीट काढलं आणि सरांपुढे धरलं.

"सर, त्या तिसऱ्या परिच्छेदात 'महत्त्व' किती वेळा हाय? मला तीन का चार, असं झालं. मी चार लिवलं."

"एकदा," खोतसर म्हणाले.

अक्षदा हसली. सर मस्करी करतात असं तिला वाटलं. तिने डोळे मिटून, वहीतून वाचावं तसं ते वाक्य म्हटलं: "'वृक्षलागवडीचे महत्त्व हे अत्यंत महत्त्वाचे असून सदर महत्त्व सर्वांच्या लक्षात आणून देण्याचे महत्त्व यापूर्वीही वेळोवेळी लक्षात आणून देण्यात आलेले आहे.' चारच. बरोबर ना?"

खोतसरांच्या मांडीवर तर्जनी चालली. चार. ऐकताना चार होते, वहीतही चार होते, ओळीच्या वर, एकाखाली एक, त्यांना पानावरची जागासुद्धा दिसत होती. आणि उत्तरपत्रिकेत, वळणदार अक्षरात, त्यांनी लिहिलं होतं: वृक्षलागवडीचे महत्त्व यापूर्वीही सर्वांच्या लक्षात आणून दिले आहे.

"सर?"

"आणि ते शेवटचं? 'तरी पण परंतु'?"

"ते हायच की. 'तरी पण परंतु नागरिकांनी'."

"मी 'तरीही' केलं."

अक्षदाचा हात भडंगाच्या पाकिटात तसाच राहिला. "सर, तुमी केलं म्हंजे काय? ते तर जसंच्या तसं पायजे ना? तुमीच सांगता. एक शब्द इकडं तिकडं झाला की एक चूक."

ते सांगत होते खरं. आठ वर्षं सांगत होते. फळ्यावर लिहून सांगत होते. पण शिकवणं आणि करणं यांच्यामध्ये त्यांची तेहेतीस वर्षं बसलेली होती, आणि ती वर्षं उठायला तयार नव्हती.

त्या वर्षांत मॅनेजरसाहेब खुर्ची मागे टाकून म्हणत: "ग्रामपंचायतीला लिहा, खोत. पाण्याचं. म्हणजे आपण करतोय, पण असं नाही की लगेच. आणि ते टँकरचं घालू नका. घाला. नको." बोट चाललेलं असे, अक्षरन् अक्षर वहीत उतरत असे, 'घाला' आणि 'नको' सकट. आणि तासाभराने साहेबांच्या टेबलावर दीड पानाचं पत्र जाई: सभ्य, नेमकं, कर्ता कर्म क्रियापद जागच्या जागी, टँकरचा उल्लेख असा की तो आहे असंही वाटावं आणि नाही असंही. साहेब वाचत, मान डोलवत आणि म्हणत, "अगदी हेच म्हणालो होतो मी." खोतसर कधी नाही म्हणाले नाहीत. युनियनचा पुढारी भाषणात जे ओरडला त्याचं निवेदन त्यांनीच केलं, आणि कंपनीने त्या निवेदनाला दिलेलं उत्तरही. त्या भागातली सगळी माणसं एकमेकांशी इतकी समंजसपणे बोलत होती, याचं पुढे कुणाला आश्चर्य कसं वाटलं नाही, याचंच आश्चर्य. माणूस काय बोलला ते वहीत लिहायचं आणि त्याला काय म्हणायचं होतं ते कागदावर उतरवायचं, हीच स्टेनोची नोकरी. वही कुणी बघत नाही.

परीक्षेतही वही कुणी बघणार नव्हतं. वहीत सगळं बरोबर होतं.

"किती ठिकाणी केलं असं?" अक्षदाने विचारलं.

खोतसरांनी बोटांवर मोजायला घेतलं. आठवून आठवून मोजायचा कंटाळा आला. "सगळीकडेच," ते म्हणाले. "फार वाईट होता मजकूर."

निकाल ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. संजनाताईंनी तो खाली मान घालून वाचला. अक्षदा ठोंबरे, शंभर शब्द, उत्तीर्ण, चुका दोन. सुलेमान खोत, अनुत्तीर्ण. चुका एकशे एकोणचाळीस.

"एकशे चाळीसला एक कमी," खोतसर म्हणाले. कुणी हसलं नाही. सहा मुली बाकांवर बसल्या होत्या आणि प्रत्येक जण दुसरीकडे बघत होती.

"फेरतपासणीला टाकू या," संजनाताई म्हणाल्या.

"काय तपासतील? बरोबर तपासलंय त्यांनी." सरांनी खुर्चीच्या पाठीवरची पिशवी काढली. "झेरॉक्स मशीन कधी आणताय वर? मला जरा आधी सांगा. स्टॉपवॉच माझं स्वतःचं आहे."

"सर, बसा ना जरा," अक्षदा म्हणाली.

"बसून काय करू?"

"मॅडम, त्या कागदात काय हाय? हयात प्रशिक्षक आणि शंभर शब्दांचं प्रमाणपत्र. वयाचं काय लिवलंय?"

संजनाताईंनी शेरा परत वाचला. वयाचं काही लिहिलेलं नव्हतं. अनुभवाचंही नव्हतं. हयात असणं आणि शंभर शब्द, एवढ्यावर शासनाचं समाधान होतं.

"मी हाय की हयात," अक्षदा म्हणाली. "कोर्टाची जागा निघंपर्यंत माझं नाव लावा."

"आणि सर?"

उत्तर नियमातच होतं, आणि संजनाताईंनाच ते आधी दिसलं, कारण नियम वाचायची सवय त्यांना होती. वर्गात दोनच प्रकारची माणसं बसू शकत होती: प्रशिक्षक आणि प्रवेश घेतलेले विद्यार्थी. पुढची परीक्षा डिसेंबरात होती.

त्या रात्री जेवताना खोतसरांनी झोहराला सांगितलं. ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"म्हंजे ती पोरगी आता तुमची मास्तरीन?"

"हो."

"आनि तुमी नापास कशात झालात? लिवायला येत नाय म्हनून?"

"जास्त चांगलं लिहिलं म्हणून."

झोहराने मोडलेली भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. मग ती म्हणाली, "चव्वेचाळीस वर्सं माझं बोलनं बी असंच चांगलं करून सुनेला, भावांना, सगळ्यांना सांगत आलात ना तुमी? म्हनून मला कुनी घाबरत नाय."

खोतसरांना हे वाक्य सुधारावंसं वाटलं नाही. त्यांना झोप येत होती.

सोमवारी ते पाचला दहा मिनिटं असताना आले. खुर्ची रिकामी होती. अक्षदा तिच्याशेजारी उभी होती, बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. सर तिसऱ्या बाकावर, खिडकीकडच्या कडेला बसले. बाक गुडघ्यांना कमी पडत होतं. संजनाताईंनी डिसेंबरचा फॉर्म संगणकावर उघडून ठेवला होता. नाव, जन्मतारीख. 'खात्री आहे का?' या प्रश्नाला सरांनी स्वतः 'हो' केलं. प्रशिक्षकाचे नाव या रकान्यात संजनाताईंनी अक्षदा ठोंबरे असं टाकलं. या वेळी रेघ लागली नाही.

"सर, एक सांगू?" अक्षदा म्हणाली. तिचा आवाज जरा वर गेला होता, नव्या मास्तरांचा जातो तसा. "मी मुद्दाम घान मजकूर आनलाय. पंचायतीचं परिपत्रक हाय. तुमाला आवडनार नाय. पन जसं बोलीन तसंच पायजे. मनातलं नाय घालायचं."

"मनातलं नाही घालत."

"वहीत नाय हो. वहीत तुमचं बरोबरच असतं. उतरवताना."

"उतरवताना," खोतसर म्हणाले.

तिने अखेर खुर्ची ओढली आणि बसली. स्टॉपवॉच हातात घेतलं. ते उलटं धरलं होतं. सरांनी बोटाने खूण केली, तिने सरळ केलं. खालून फरसाणाच्या तेलाचा वास वर येत होता. बाकीच्या पाच जणींनी पानाचे कोपरे वर सरकवले.

"तयार?"

हा शब्द आठ वर्षं त्यांनीच म्हटला होता. "तयार," खोतसर म्हणाले.

"'उपरोक्त विषयास अनुसरून उपरोक्त विषयाबाबत कळविण्यात येते की, सदर विषय हा उपरोक्त असल्याने...'"

पेन्सिल चालू लागली. बारीक, ठळक, ओळीवर. अर्ध्या तासाने उतरवायला घेतलं तेव्हा पहिला 'उपरोक्त' त्यांनी लिहिला. दुसरा लिहिला. तिसऱ्यापाशी हात थांबला, पेन्सिल कागदावर टेकून राहिली, आणि टोक मोडलं. अक्षदाने वर पाहिलं.

खोतसरांनी पेन्सिल उलटी केली, दुसरं टोक पुढे घेतलं, आणि तिसरा 'उपरोक्त' लिहिला.